वर्दी द्यावी की न द्यावी

सोमवारी शाळेची वेळ झाली की पोटात कळ येते आणि दुपार उलटताच ती आपोआप ओसरते, असे मूल पुष्कळांच्या परिचयाचे असते. जंताचे औषध होते, ओवा-हिंग होते, सोनोग्राफीही निर्दोष येते, आणि अखेरीस डॉक्टर समुपदेशकाच्या नावे चिठ्ठी लिहून देतात. तेथे दोन-तीन भेटींनंतर, चित्रात रंग भरता भरता, आठ वर्षांचे ते मूल मान वर न करता सांगून जाते की, रात्री बाबा कुलपात किल्ली कशी फिरवतात त्यावरून आज काय होणार हे त्याला कळते. किल्ली दोनदा चुकली की ते धाकट्या बहिणीला घेऊन मोरीत जाते आणि नळ सोडून बसते, म्हणजे आईचे ओरडणे बहिणीच्या कानी पडत नाही. मुलाला कोणी बोट लावलेले नाही. अंगावर वळ नाही, डाग नाही. आईला आत बोलावले, तर ती पदर सावरीत एवढेच म्हणते, "ताई, हे कुठं लिहू नका हं."

हे चित्र कोणा एका घरचे नव्हे. अनेक घरांतून ते थोड्याफार फरकाने उमटते. ते पाहून सामान्य सुज्ञ माणसाची पहिली प्रतिक्रिया एकच असते: यात विचार तो कसला, ताबडतोब कळवावे! परंतु ज्यांची सारी हयात अशा मुलांत गेली, ते लोक याच ठिकाणी अडखळतात, सहकाऱ्यांचा सल्ला घेतात, दोन रात्री तळमळतात आणि कित्येकदा न कळवण्याचा निर्णय घेतात. त्यांना भ्याड किंवा बेफिकीर म्हणणे सोपे आहे. मात्र कळवल्यानंतर कोणती चक्रे कोणत्या क्रमाने फिरतात हे पाहिल्याखेरीज त्या अडखळण्याचा अर्थ लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक या सर्वांना सोयीसाठी येथे समुपदेशकच म्हणू.

मुलाच्या शरीरात काय घडते

मूल हिंसेच्या सान्निध्यात वाढते याचा अर्थ ते प्रत्येक वेळी समोर उभे राहून मारहाण पाहते असा नाही. बहुधा ते ऐकते. कधी ऐकतही नाही, सकाळी उठून फुटलेली बशी, आईचा सुजलेला डोळा आणि कोणी कोणाशी न बोलणारे घर तेवढे पाहते, आणि मधला वृत्तांत स्वतःच रचते. तो रचलेला वृत्तांत प्रत्यक्षाहून भयंकर असू शकतो.

धोक्याची चाहूल लागताच मेंदूच्या खोल भागातील, बदामाच्या आकाराचा 'अमिग्डला' नावाचा पुंज कार्यरत होतो. त्याच्या इशाऱ्याने ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात, हृदय धडधडू लागते, स्नायू ताठरतात, आणि त्या घटकेस निकडीचे नसलेले पचनाचे काम मंदावते. सोमवारच्या पोटदुखीचे मूळ येथे असू शकते. शनिवार-रविवार बाबा घरी असल्याने ताण साचलेला असतो, शिवाय आईला एकटीला सोडून शाळेत जायचे असते. ही शारीरिक तजवीज क्वचित उपयोगी पडावी म्हणून आहे. ती रोजची झाली म्हणजे शरीर स्थिरावण्यास विसरते. गणिताच्या तासाला ज्याचे लक्ष नाही अशी शिक्षकांची तक्रार असते, त्या मुलाचे लक्ष वास्तविक कमालीचे जागे असते. फक्त ते फळ्याकडे नसून व्हरांड्यात वाजणाऱ्या पावलांकडे असते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील इमन मॅक्रोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मेंदूचित्रणाच्या अभ्यासात, घरातील हिंसा अनुभवलेल्या मुलांना रागीट चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली असता त्यांच्या मेंदूतील धोका ओळखणाऱ्या भागांचा प्रतिसाद इतर मुलांपेक्षा तीव्र आढळला, आणि असाच प्रतिसाद युद्धभूमीवरून आलेल्या सैनिकांत पूर्वी दिसून आला होता.

तथापि येथेच सावध राहावे लागते. कॅथरीन किट्झमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अशा ११८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा हिंसेच्या सान्निध्यातील सुमारे ६३ टक्के मुलांची स्थिती, असे सान्निध्य नसलेल्या सरासरी मुलापेक्षा वाईट आढळली. हा आकडा नीट वाचला पाहिजे. कारण सान्निध्याचा काहीच परिणाम होत नसता तरीही, सरासरीच्या खाली निम्मी मुले पडतातच, या न्यायाने तो ५० च्या आसपास आला असता. म्हणजे हानी निःसंशय आहे, पण ती प्रत्येक मुलाच्या वाट्याला सारखी येत नाही, आणि जवळजवळ ३७ टक्के मुले सामान्य मुलांइतकी किंवा त्यांच्याहून बरी निघतात. ती का निघतात याचे उत्तर शोधता शोधता अभ्यासक पुनःपुन्हा एकाच ठिकाणी येतात: मार खाणाऱ्या आईशी मुलाचे असलेले नाते शाबूत आहे काय, आणि विश्वासाने बिलगता येईल असे एक तरी मोठे माणूस त्याला आहे काय. पुढील सगळ्या गुंत्यात ही गोष्ट विसरता कामा नये, कारण बहुतेक कायद्यांना तिचाच विसर पडतो.

सक्तीच्या वर्दीचा उगम

मुलाच्या छळाची वर्दी देणे हे व्यावसायिकांचे कायदेशीर कर्तव्य ठरविण्याची पद्धत प्रथम अमेरिकेत रूढ झाली. कोलोरॅडोतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात, मारहाण झालेल्या मुलांच्या लक्षणसमूहावर एक निबंध लिहिला. पाळण्यातून पडले म्हणून आणलेल्या अर्भकाच्या क्ष-किरण चित्रात निरनिराळ्या काळी मोडून सांधलेली हाडे दिसतात, तेव्हा डॉक्टरांनी आईबापांच्या कैफियतीवर विसंबून राहू नये, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याचा परिणाम असा झाला की, १९६७ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांनी सक्तीच्या वर्दीचे कायदे केले आणि १९७४ साली संघराज्याच्या कायद्याने त्यांना आर्थिक पाठबळ दिले.

या कायद्यांची घडण मोठी चतुर आहे. डॉक्टर, शिक्षक, समुपदेशक अशा ठरावीक व्यवसायांतील व्यक्तीवर जातीने कर्तव्य लादले जाते, वरिष्ठांनी मना केले ही सबब चालत नाही. पुराव्याची अपेक्षा नसते, वाजवी संशय पुरतो. शुद्ध हेतूने दिलेल्या वर्दीबद्दल फिर्याद होऊ शकत नाही, आणि न दिल्यास शिक्षा होऊ शकते. कॅलिफोर्नियात तर ताबडतोब दूरध्वनी आणि ३६ तासांच्या आत लेखी अहवाल, असा दंडक आहे. समुपदेशकाने शोध घेऊ नये, खातरजमा करू नये, ते काम सरकारी बालसंरक्षण खात्याचे, हा त्यामागील विचार.

मोडलेल्या हाडाच्या बाबतीत हा विचार बिनतोड आहे. हाड मोडल्याचे दिसते, आणि मोडणारा बहुधा मुलाच्या पालकांपैकीच असतो. कौटुंबिक हिंसेत मात्र दोन्ही गृहीतके ढासळतात. इजा दिसत नाही. आणि घरातील दोन पालकांपैकी एक जुलूम करणारा असतो, तर दुसरी व्यक्ती, बहुधा आई, स्वतः त्या जुलमाची बळी असून तरीही मुलाचा एकमेव आधार असते. बालसंरक्षण खात्याच्या दप्तरात प्रकरण उघडते ते मुलाचा सांभाळ करणाऱ्याच्या, म्हणजे आईच्या, नावे. मारणारा नवरा कित्येकदा चौकशीच्या वेळी घरी नसतो, कधी तो मुलाचा बापही नसतो. अधिकाऱ्यापुढे उत्तरे देत बसते ती आई, आणि तिला विचारला जाणारा प्रश्न असतो: तुम्ही मुलाला यापासून वाचवले का नाही?

मिनेसोटाचा अनुभव

ही अडचण केवळ तात्त्विक नाही. मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाने १९९९ साली मुलाच्या उपेक्षेच्या कायदेशीर व्याख्येत भर घालून, मूल कौटुंबिक हिंसेच्या सान्निध्यात असणे हीदेखील उपेक्षाच, असे ठरवले. हेतू निर्मळ होता. मुलांवरील परिणामांचे संशोधन तोवर प्रसिद्धी पावू लागले होते, आणि मुलांच्या संरक्षणाच्या विरुद्ध मत देण्यास कोण धजेल? दुरुस्ती फारशा वादंगाशिवाय मंजूर झाली. तिच्यासोबत नवा पैसा किंवा नवी माणसे मात्र मंजूर झाली नाहीत.

व्याख्या बदलताच समुपदेशक, शिक्षक, परिचारिका या सर्वांवर आपोआप नवे कर्तव्य आले, कारण सक्तीची वर्दी ही 'उपेक्षा' या शब्दाला जोडलेली होती. राज्याच्या ८७ कौंट्यांपैकी अनेकींत वर्दींची संख्या दीडपट ते दुपटीपर्यंत गेली. चाळणीची भोके एकदम बारीक केली म्हणजे जे होते तेच येथे झाले: खडे वर राहिलेच, पण धान्यही वर राहिले, आणि निवडणारे हात तेवढेच होते. एकदा शिवीगाळ ऐकलेले मूल आणि रोज रात्री सुरी पाहणारे मूल यांची कागदपत्रे एकाच ढिगात पडली. अधिकाऱ्यांचा वेळ ढीग उपसण्यात गेला, आणि ज्यांना खरोखर तातडीची मदत हवी त्यांच्या वाट्याला तो कमी आला.

याहून सूक्ष्म परिणाम स्त्रियांच्या आश्रयगृहांत जाणवू लागला. आश्रयगृहात येणाऱ्या बहुतेक बायकांबरोबर मुले असतात, आणि ती मुले व्याख्येप्रमाणे 'उपेक्षित' ठरू लागली. म्हणजे मदत मागण्यास आलेली स्त्री दारातूनच संशयिताच्या यादीत जाण्याची पाळी आली. मदत मागितली तर मुले जातील ही धमकी मारकुटे नवरे पूर्वीपासून देतच असतात. कायद्याने त्या धमकीला जणू सरकारी शिक्का दिला. परिणामी दुसऱ्याच वर्षी, २००० मध्ये, विधिमंडळाने ती दुरुस्ती व्यवहारतः मागे घेतली. पैशाची सोय झाल्याखेरीज ती अमलात येऊ नये, अशी तजवीज केली. मिनेसोटा विद्यापीठातील जेफ्री एडल्सन, जे स्वतः मुलांवरील परिणामांचे अग्रगण्य अभ्यासक होते, त्यांनीच पुढे या प्रसंगाची चिकित्सा लिहून ठेवली, ही गोष्ट मला विशेष वाटते. हानी होते असे सिद्ध करणाऱ्याने, म्हणून हानीला सरसकट उपेक्षा म्हणू नका, असे सांगण्यास बौद्धिक प्रामाणिकपणा लागतो.

> चौकट: निरनिराळ्या ठिकाणचे कायदे
>
> कॅलिफोर्नियात मारहाण व लैंगिक अत्याचार यांची वर्दी सक्तीची आहे. परंतु मुलाला गंभीर मानसिक इजा होत असल्याचा संशय, म्हणजे तीव्र चिंता, खिन्नता, अलिप्तपणा किंवा आक्रमकता दिसत असल्यास, समुपदेशक वर्दी देऊ 'शकतो'. ती ऐच्छिक आहे.
>
> ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात घरातील हिंसेमुळे मुलाला गंभीर शारीरिक वा मानसिक इजेचा धोका असेल तर वर्दी द्यावी लागते. तेथेही वर्दींचा पूर आला, म्हणून न्यायमूर्ती जेम्स वूड यांच्या २००८ च्या चौकशीनंतर, २०१० पासून 'इजेचा धोका' याऐवजी 'लक्षणीय इजेचा धोका' अशी पातळी उंचावली आणि क्रमाने प्रश्न विचारीत निर्णयाप्रत नेणारी मार्गदर्शिका व्यावसायिकांना दिली.
>
> भारतात मुलांवरील लैंगिक अपराधांची वर्दी सक्तीची आहे. घरातील मारहाण पाहणाऱ्या मुलाबद्दल अशी सक्ती नाही.

न्यूयॉर्कमधील निवाडा

मिनेसोटात विधिमंडळाने पाऊल मागे घेतले. न्यूयॉर्कमध्ये तेच न्यायालयाला करावे लागले. १९९९ साली ब्रुकलिनमधील एका स्त्रीने परगावी राहणाऱ्या मित्राशी संबंध संपवत असल्याचे सांगताच त्याने तिला इतके मारले की तिचा हात व बरगड्या मोडल्या. मुलगा शाळेत होता, तान्ही मुलगी दुसऱ्या खोलीत होती. तिने स्वतः पोलिसांना बोलावले आणि रुग्णालयात जाण्यापूर्वी मुलांना शेजारणीच्या हवाली करण्याची व्यवस्थाही केली. त्याच रात्री शहराच्या बालखात्याने मुले ताब्यात घेतली, न्यायालयाच्या हुकमाशिवाय. ती तिला परत मिळायला सुमारे तीन आठवडे लागले. तिच्यावरील आरोप असा की, ती 'कौटुंबिक हिंसेत गुंतलेली' होती.

निकोल्सन खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात संघ न्यायालयाचे न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी २००२ मध्ये शहराची ही प्रथा घटनाविरोधी ठरविली. वरिष्ठ संघ न्यायालयाने कायद्याच्या अर्थाविषयीचे प्रश्न न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च पीठाकडे पाठविले, आणि २००४ मध्ये मुख्य न्यायाधीश ज्युडिथ के यांच्या त्या पीठाने एकमताने निर्णय दिला: मुलाने घरातील हिंसा पाहिली एवढ्यावरून उपेक्षा सिद्ध होत नाही, त्या विशिष्ट मुलाला प्रत्यक्ष अथवा नजीकची इजा होत आहे आणि पालकाने किमान काळजीही घेतली नाही, हे दाखवावे लागेल, आणि मूल काढून नेण्यापूर्वी, घरी राहण्याने होणारी इजा व आईपासून तोडण्याने होणारी इजा यांची तुलना करावी लागेल. माझ्या मते या विषयातील ही सर्वांत महत्त्वाची वाक्ये होत. संकटातून मूल बाहेर काढणे म्हणजे आपोआप हित, या समजुतीला त्यांनी छेद दिला.

समुपदेशकाच्या मनातला हिशेब

हा सगळा इतिहास समुपदेशकाच्या टेबलावर उघडा पडलेला असतो. कायदा 'वाजवी संशय' म्हणतो. पण वाजवी किती, हे प्रत्येकाच्या मनात वेगळे असते. हे मोजण्यासाठी अभ्यासक एक युक्ती योजतात. एक काल्पनिक प्रकरण लिहून ते अनेक व्यावसायिकांना वाचायला देतात, मात्र निम्म्यांच्या प्रतीत एखादाच तपशील बदलतात: मुलाचे वय चारऐवजी चौदा, मारहाण एकदाऐवजी वारंवार, मूल खोलीत असण्याऐवजी शेजारच्या खोलीत. मग दोन्ही गटांत वर्दी देऊ म्हणणारांचे प्रमाण ताडून पाहिले की कोणत्या तपशिलाने निर्णयाचे पारडे झुकते ते उमगते. स्पष्ट शारीरिक खुणा, लहान वय, वारंवारता आणि शस्त्र या गोष्टी वर्दीकडे ढकलतात. भावनिक हानीच्या बाबतीत मात्र, ती कायद्याच्या चौकटीत बसत असली तरी, हात आखडतो.

रँड संस्थेच्या गेल झेलमन यांच्या, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सक्तीच्या वर्दीच्या कक्षेतील जवळजवळ ४० टक्के व्यावसायिकांनी कबूल केले की, आपल्याला संशय असूनही कधी ना कधी आपण वर्दी दिली नाही. त्यांना कायदा ठाऊक होता. कारणे दुसरी होती: पुरावा अपुरा वाटला, खात्याकडून पूर्वी वाईट अनुभव आला, आणि मुलाला मी स्वतःच खात्यापेक्षा अधिक मदत करू शकेन, असे वाटले. हे शेवटचे कारण अहंकाराचे म्हणून झिडकारता येते, पण पूर्णपणे नव्हे. ज्या खोलीत मूल प्रथमच किल्लीच्या आवाजाविषयी बोलले ती खोली त्याच्या हातून गेली, तर नवी मिळायला वर्षे लागतील, हे समुपदेशक जाणतो. उलट बाजूस, आपल्या कौशल्यावर भरवसा ठेवून गप्प बसलेल्या समुपदेशकाला शुक्रवार ते पुढचा शुक्रवार या सात दिवसांत त्या घरात काय घडेल याचा पत्ता नसतो, हेही तितकेच खरे.

वर्दी दिली की उपचारांचे नाते तुटते, ही सार्वत्रिक भीती मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. अमेरिकन पाहण्यांत असे दिसले की, वर्दीनंतर सुमारे एक चतुर्थांश लोक येणे बंद करतात. उरलेल्यांचे नाते टिकते, क्वचित दृढही होते. वर्दी आईला आधी सांगून दिली की तिच्या पाठीमागे, यावर बरेच अवलंबून असते. कोणत्या प्रसंगी गोपनीयता मोडावी लागेल हे पहिल्याच भेटीत साध्या शब्दांत सांगून ठेवणे, हा या व्यवसायातला सर्वांत कंटाळवाणा विधी आहे आणि सर्वांत उपयोगी.

कशी द्यावी, हा अधिक कठीण प्रश्न

'द्यावी की न द्यावी' या प्रश्नाने एवढी जागा अडवलेली आहे की 'कशी' हा प्रश्न मागे पडतो, आणि निम्मे नुकसान तेथेच होते. स्त्री नातेसंबंध तोडण्याचा प्रयत्न करते, तो काळ तिच्या जीवाला विशेष धोक्याचा असतो. चौकशीचा अधिकारी दारात येणे हा नवऱ्याच्या दृष्टीने तसाच विद्रोह. म्हणून अनुभवी समुपदेशक आधी आईशी एकांतात बोलते. नवरा बाहेर बाकावर बसलेला असेल तर त्या दिवशी विषय काढतही नाही. दूरध्वनी कोणत्या क्रमांकावर करावा, तो मोबाइल कोण पाहते, पत्र घरी जाऊ द्यावे की नाही, हे विचारून घेते. नंतर धोक्याचे मोजमाप. परिचारिका-संशोधक जॅकेलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात तयार केलेल्या प्रश्नावलीत अनेक बाबी आहेत, पण त्यांतील एक प्रश्न सर्वांनी पाठ करावा असा आहे: त्याने कधी गळा आवळला होता काय? सुजलेल्या डोळ्याहून, कित्येकदा कसलाही वळ न ठेवणारी ही कृती पुढील प्राणघातक हल्ल्याची अधिक बोलकी सूचना असते, आणि स्त्रिया ती विचारल्याखेरीज सांगत नाहीत.

धोका मोठा ठरला तर आईची अनिच्छा असूनही वर्दी द्यावी लागते. अशा वेळी पुष्कळ समुपदेशक एक मधला मार्ग काढतात: आईला शेजारी बसवून, तिच्यादेखत किंवा तिच्याच हाताने दूरध्वनी करतात, आणि मुलाला वाचवण्यासाठी तिने आजवर काय काय केले, बहिणीला मोरीत नेऊन बसायला मुलाला कोणी शिकवले, शेजाऱ्यांकडे राखीव चावी कोणी ठेवली, हे सारे नोंदीत मुद्दाम घालतात. खात्याच्या कागदावर आईची करणी लिहिलेली असली म्हणजे 'तुम्ही का वाचवले नाही' या प्रश्नाला तिच्या वतीने आधीच उत्तर दाखल झालेले असते.

आपल्याकडे

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा कधी ना कधी सोसलेली आहे. त्या घरांतून मुले असतातच. तरीही कायद्याची रचना येथे अमेरिकेहून वेगळी आहे. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावरील लैंगिक अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने, समुपदेशकानेही, पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. येथे विचाराला जागाच नाही. याच्या अगदी विरुद्ध, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे कलम ४ म्हणते की, अशी हिंसा घडत असल्याचे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ 'शकते', आणि शुद्ध हेतूने दिल्यास तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. शिवाय कलम १० प्रमाणे नोंदणीकृत सेवादात्या संस्थेने घटनेचा अहवाल नोंदवावा तो पीडित स्त्रीची तशी इच्छा असेल तर. म्हणजे मिनेसोटाने ज्या स्त्रीचे मत विचारातच घेतले नाही, तिच्या मताला आपल्या कायद्याने अहवालाच्या दाराशी बसवले आहे. मला हे शहाणपणाचे वाटते. पण त्याची दुसरी बाजू अशी की, मुलाची स्वतंत्र बाजू या कायद्यात फार पुसट आहे. त्याच्या ताब्याचा तात्पुरता हुकूम कलम २१ खाली निघू शकतो, एवढेच.

मुलासाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्याखालील जिल्हा बाल कल्याण समिती आहे; तिच्यापुढे पोलीस, सामाजिक कार्यकर्ता, डॉक्टर, परिचारिका किंवा मूल स्वतःही जाऊ शकते, आणि १०९८ हा क्रमांक आहे. गोपनीयतेचे बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे, पण दुसऱ्याला हिंसेपासून वाचवण्यासाठी आवश्यक तेवढी, आणि तेवढीच, माहिती देण्याची मुभाही त्यात आहे. सक्ती नसल्यामुळे समुपदेशकाच्या डोक्यावर शिक्षेची तलवार नाही. पण त्यामुळेच निर्णयाचे सारे ओझे त्याच्या एकट्याच्या विवेकावर पडते, आणि लहान गावात, जेथे संरक्षण अधिकारी, हवालदार आणि नवरा एकाच आळीत वाढलेले असतात, तेथे ते ओझे फार जड होते.

अशा वेळी मुंबईतील दोन जुन्या प्रयोगांचा आधार घेता येतो. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, जेथे वर्दीऐवजी प्रथम सामाजिक कार्यकर्ती भेटते. आणि २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्था व महापालिका यांनी 'दिलासा' हे केंद्र उघडले, जेथे पोटदुखीसाठी किंवा पडल्याचे सांगून आलेल्या बाईला परिचारिकाच समुपदेशकाकडे नेते. पोलीस ठाणे आणि समुपदेशकाची खोली यांच्या मधली ही जागा आहे. सोमवारच्या पोटदुखीचे मूल ज्या समुपदेशकापुढे बसलेले आहे, तिने आपल्या जिल्ह्यात अशी जागा कोठे आहे, तिथले माणूस कोण आहे, त्याचा क्रमांक कोणता आणि ते रात्री उचलते काय, हे प्रकरण येण्यापूर्वी विचारून ठेवलेले असले तर बरे.